आकडा कुठे संपतो, सूर कुठे सुरू होतो

लोणारच्या धारेवर गोमुखातून बारमाही पडणारं पाणी गोडं आहे. विवराच्या काठावरून ते उतरणीला लागतं आणि तळाशी सरोवराला मिळतं. मिळाल्यावर मात्र ते पहिल्यासारखं राहत नाही. बेसॉल्टच्या खडकात उल्कापाताने झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या वाडग्यातून पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. पाणी येतं, उन्हाने उडून जातं, क्षार मागे राहतात. म्हणूनच सरोवराचा सामू १० च्या आसपास असतो आणि त्यात गोड्या पाण्यातले मासे जगत नाहीत. पाणी तेच, पण काठाच्या वरचे नियम खाली चालत नाहीत.

घरच्या संगीताच्या मांडणीतही असाच एक काठ असतो. त्याच्या अलीकडे गाणं आकड्यांच्या रूपात वाहतं, पलीकडे विजेच्या रूपात. हा काठ म्हणजे डॅक, आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारं यंत्र. सर्व्हर, डॅक, अ‍ॅम्प आणि हेडफोन जोडताना लोक ज्या चुका करतात, त्यातल्या बऱ्याचशा काठाच्या एका बाजूचे नियम दुसऱ्या बाजूला लावल्याने होतात. आकड्यांच्या बाजूला नसलेल्या दोषावर पैसे खर्च होतात आणि विजेच्या बाजूचा खरा दोष तसाच घरघरत राहतो.

पेटीत काय साठवतो

लोणारातलंच एक जुनं घर डोळ्यासमोर आणू. जाड दगडी भिंती, माळ्यावर कॅसेटींचं खोकं, कपाटात सीडी. घरातल्या मुलीने सुट्टीत बसून हे सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवलं आणि जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक त्या डिस्कला जोडून ठेवला. झाला सर्व्हर. रात्री घर झोपल्यावर आजोबांना कुणाची झोप न मोडता गाणं ऐकायचं आहे, म्हणून हेडफोन.

डिस्कवर जे साठलं ते गाणं नाही, मोजमापांची वही आहे. सीडीच्या पद्धतीत ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवतात. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि एखादी लहर पूर्ण पकडायला तिच्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. म्हणजे ४०,००० च्या वर कुठलाही आकडा चालला असता. मग ४४,१०० च का? कारण सुरुवातीच्या काळात हे आकडे साठवायला हाताशी व्हिडिओ रेकॉर्डर होते. सेकंदाला ६० चित्रक्षेत्रं, प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ ओळी, ओळीत ३ मोजमापं, गुणाकार ४४,१००. युरोपीय पद्धतीत ५० चित्रक्षेत्रं, २९४ ओळी, ओळीत ३ मोजमापं. गुणाकार पुन्हा ४४,१००. दोन्ही यंत्रांवर बसणारा आकडा म्हणून तो ठरला आणि १९८२ साली सीडीबरोबर घराघरांत आला.

डाव्या-उजव्या दोन्ही कानांचा हिशेब केला तर अशा एका तासाच्या गाण्याला साधारण ६३५ मेगाबाइट जागा लागते. फ्लॅक या पद्धतीने बांधलं तर बहुधा त्याच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश जागेत मावतं, आणि उलगडल्यावर एकही आकडा बदललेला नसतो. घडी घातलेलं धोतर उलगडावं तसं. एमपी-३ मध्ये मात्र कानाला जाणवणार नाही असा अंदाज बांधून काही माहिती कायमची काढून टाकलेली असते. आज एका टेराबाइटची डिस्क सहज मिळते. तिच्यावर घडी न घालताही दीड हजार तासांहून जास्त संगीत राहतं, म्हणजे दोन महिने अखंड. मग जागा वाचवण्यासाठी आजोबांच्या कॅसेटींवर एमपी-३ ची कात्री कशाला चालवायची?

कॅसेट उतरवताना १६ ऐवजी २४ बिट वापरावेत, हे मात्र खरं. कारण नेमका कुठला आवाज अचानक चढेल हे माहीत नसतं. पातळी थोडी खाली ठेवून रेकॉर्ड करावं लागतं आणि तेव्हा जादा बारीक पायऱ्या कामी येतात. ऐकताना मात्र २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झच्या फाइलींमागे धावण्याची गरज नाही. उतरवताना जे पकडलं गेलं नाही, ते मोठ्या आकड्यांनी परत येत नाही.

काठाच्या अलीकडे

आता जोडणी. रास्पबेरी पायच्या जुन्या मॉडेलांवर हेडफोनचा छोटा जॅक असतो. तो कामचलाऊ आहे. तिथे खरा डॅक नसतो. विजेची झपाट्याने उघडझाप करून आवाजाचा आभास तयार केलेला असतो, आणि त्याच्यामागे बारीक सुस्कारा ऐकू येतो. पाचव्या पिढीच्या पायवर तर हा जॅक काढूनच टाकला आहे. तेव्हा डॅक वेगळा घ्यायचा आणि तो यूएसबी केबलने सर्व्हरला जोडायचा. बहुतेक डॅक यूएसबीच्या ठरलेल्या ध्वनिमानकानुसार बोलतात, त्यामुळे लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. विंडोजमध्ये या मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीची सोय २०१७ साली आली.

डॅक लावला तरी गाणं अजून जुन्याच जॅककडे जात असतं, हा पहिल्या दिवसाचा नेहमीचा गोंधळ. प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन ध्वनी बाहेर जाण्याचं ठिकाण म्हणून डॅकचं नाव निवडावं लागतं. क्रमांकाने निवडू नये, नावानेच निवडावं. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की क्रमांक बदलू शकतात. काल एक नंबरवर असलेला डॅक आज शून्यावर जातो आणि घरात शांतता पसरते.

दुसरी गोष्ट फेरनमुन्यांची. संगणकाची ध्वनिव्यवस्था पुष्कळदा सगळं काही ४८,००० च्या मापात बदलून पाठवते. ४४,१०० ची मोजमापं ४८,००० मध्ये बसवायची म्हणजे मधली मूल्यं नव्याने काढायची. चांगल्या गणिताने हे बेमालूम होतं, घाईच्या गणिताने होत नाही. प्लेअरला डॅकशी थेट बोलू दिलं, मध्ये मिसळणारा कुणी ठेवला नाही, तर फाइलीतले आकडे जसेच्या तसे पोचतात. डॅकवर दर दाखवणारा दिवा किंवा पडदा असेल तर तिथे ४४.१ दिसतं की ४८, एवढं पाहिलं तरी पुरतं.

आकडे पोचवणारी केबल किती महाग असावी? या प्रश्नावर बाजारात मोठी दुकानदारी चालते. आकड्यांच्या बाजूचा नियम सोपा आहे: आकडा बरोबर पोचतो किंवा पोचत नाही. यूएसबीवर ध्वनीचं एखादं पाकीट बिघडलं तर ते पुन्हा मागवलं जात नाही, तिथे तड किंवा टिक असा आवाज येतो, नाहीतर क्षणभर खंड पडतो. खराब केबलमुळे तबला जरा मऊ झाला, आवाज जरा उबदार झाला, असं घडत नाही. तलाठ्याच्या उताऱ्यावर आकडा चुकला तर जमीन कमी दिसते. उताऱ्याचा कागद चकचकीत असला म्हणून ती वाढत नाही.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. मोजमापं बरोबर असली तरी ती समान अंतराने वाजली पाहिजेत. संगणक दहा कामं करत असतो. त्याच्या तालावर विसंबलं तर मात्रा पुढेमागे होतील. यावरचा उपाय आपल्या गच्चीवरच आहे. नळाला पाणी कधी येतं, कधी येत नाही, कधी जोरात येतं. पण टाकी भरलेली असली की मोरीतल्या नळाची धार एकसारखी पडते. आजचे बहुतेक यूएसबी डॅक असंच करतात. त्यांच्यात एक छोटी टाकी आणि स्वतःचं स्फटिकाचं घड्याळ असतं. टाकी रिकामी व्हायला लागली की ते संगणकाला थोडं जास्त पाठवायला सांगतात, भरत आली की थोडं कमी. ताल डॅकचा, संगणक फक्त पाणी भरणारा.

सर्व्हर एका खोलीत आणि डॅक दुसऱ्या खोलीत असेल तर मध्ये नेटवर्क येतं. सीडीच्या दर्जाचा प्रवाह सेकंदाला १४ लाख बिटांचा. आजच्या वाय-फायला हे काहीच नाही. पण जाड दगडी भिंत वाय-फायला आवडत नाही. गाणं मधूनच थांबत असेल तर महागडा राउटर घेण्याआधी भिंतीच्या कडेने एक साधी लॅनची वायर टाकून पाहावी. रास्पबेरी पायच्या तिसऱ्या पिढीपर्यंत लॅन आणि यूएसबी एकाच अरुंद वाटेने जात. चौथ्या पिढीपासून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जुन्या पायवर डिस्क, डॅक आणि लॅन सगळं एकदम चालू असताना तडतड येत असेल, तर कारण बहुधा तिथेच असतं.

सोबत सुईही पाठवावी लागली

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या अंतराळात गेल्या. त्यांवर जगभरच्या निवडक संगीतात केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेचा साडेतीन मिनिटांचा सूर आज सूर्यमालेबाहेरच्या वाटेवर आहे. लोणारात आकाशातून काहीतरी आलं होतं. आपल्याकडून परत काय गेलं असं कुणी विचारलं, तर हे एक उत्तर.

तबकडी पाठवणाऱ्यांनी एक शहाणपणा केला. नुसती तबकडी पाठवली नाही. सोबत कार्ट्रिज आणि सुई ठेवली आणि ती कशी लावायची, तबकडी किती वेगाने फिरवायची, याच्या खुणा आवरणावर कोरल्या. त्यांना ठाऊक होतं की साठवलेला ध्वनी हा अजून ध्वनी नाही. खाच असो वा आकडा, शेवटी कुणीतरी त्याची लहर करावी लागते आणि ती लहर हवेत ढकलावी लागते. आपल्या मांडणीत ही दोन कामं डॅक आणि हेडफोनच्या साथीने अ‍ॅम्प करतात.

काठाच्या पलीकडे

डॅकमधून बाहेर आलेली वीज ही आता प्रत्यक्ष लहर असते. इथे पोचलं-न पोचलं असा सोपा निवाडा नाही. थोडं कमी, थोडं जास्त, थोडं मळलेलं, असं सगळं शक्य असतं. म्हणून लक्ष आणि पैसा दोन्ही इथे द्यावं.

डॅकच्या मागच्या लाइन आउटमधून साधारण २ व्होल्टपर्यंतचा सिग्नल निघतो. त्यात ताकद नसते, नुसता निरोप असतो. लाल-पांढऱ्या आरसीए पिनांच्या केबलने तो अ‍ॅम्पला द्यायचा आणि अ‍ॅम्पने हेडफोनच्या पडद्याला हलवायचं. डॅकवर हेडफोनचाही जॅक असेल तर त्यातून अ‍ॅम्पला जोडू नये. तसं केलं की एकदा वाढवलेला आवाज पुन्हा वाढवला जातो आणि पहिल्या अ‍ॅम्पचा सगळा मळ दुसऱ्यात मोठा होतो.

वेगळा अ‍ॅम्प लागतोच का? ते हेडफोनवर ठरतं. प्रत्येक हेडफोनवर ओहममध्ये एक आकडा लिहिलेला असतो, तो त्याचा अवरोध. अर्धा व्होल्ट देणाऱ्या एखाद्या छोट्या जॅकला ३२ ओहमचा हेडफोन लावला तर जवळजवळ ८ मिलिवॅट मिळतात, बहुतेकांना पुरे. तोच जॅक ३०० ओहमच्या हेडफोनला लावला तर एक मिलिवॅटही मिळत नाही. तिथे २ व्होल्ट देणारा अ‍ॅम्प लावला की १३ मिलिवॅट मिळतात. म्हणजे ३०० ओहमला दाब हवा आणि ३२ ओहमला प्रवाह. अ‍ॅम्पवर गेनचं बटण असेल तर हलक्या हेडफोनसाठी ते खालीच ठेवावं, नाहीतर आवाजाची कळ जेमतेम हलवायच्या आत कान किंचाळतो.

दुसरा आकडा डब्यावर क्वचितच ठळक छापलेला असतो: अ‍ॅम्पचा स्वतःचा अवरोध. तो हेडफोनच्या अवरोधाच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, असा अनुभवाचा नियम आहे. का, ते पाहू. समजा हेडफोनचा अवरोध बहुतेक सुरांवर ३२ ओहम आहे, पण खर्जात एका ठिकाणी तो ९० पर्यंत चढतो. पुष्कळ हेडफोनांत असा उंचवटा असतो. अ‍ॅम्पचा अवरोध ३० ओहम असेल तर त्या खर्जाला इतर सुरांपेक्षा ३ डेसिबलहून जास्त जोर मिळतो. डग्ग्याची घुमक फुगते आणि गायकाच्या गळ्यावर बसते. अ‍ॅम्पचा अवरोध १ ओहम असेल तर हाच फरक ०.२ डेसिबलच्या आत राहतो. हेडफोन तोच, फाइल तीच. एका आकड्याने तबला बदलला. पैसे कुठे घालावेत याचं उत्तर यात आहे: आधी हेडफोन, मग त्याला जुळणारा अ‍ॅम्प, मग साधा चांगला डॅक आणि शेवटी सर्व्हर.

आवाजाची कळ कुठली फिरवायची हाही इथलाच प्रश्न. सर्व्हरवरचा आवाज पूर्ण ठेवावा आणि कमी-जास्त अ‍ॅम्पवर करावं. १६ बिटांच्या आकड्यांवर सॉफ्टवेअरने दर ६ डेसिबल आवाज कमी केला की एक बिट खर्ची पडतो. २४ बिटांत पाठवत असाल तर वर ८ बिट शिल्लक असल्याने एवढं नुकसान होत नाही, तरी सवय चांगली. मात्र पहिल्यांदा जोडताना उलट शिस्त: हेडफोन कानावर नसावा, अ‍ॅम्पची कळ शून्यावर असावी, मगच गाणं सुरू करावं. आणि रोज ऐकताना जागतिक आरोग्य संघटनेचं माप लक्षात ठेवावं: सरासरी ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास; ९० डेसिबल झाले की फक्त ४.

बेसूर पंचम

आता घरघर. सगळं जोडलं, गाणं लागलं आणि खाली एक जाड गुंजन ऐकू आलं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, तिची दुप्पट १००. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झचा, म्हणजे त्याचा मंद्र पंचम १०४ च्या जवळ आणि तीव्र मध्यम ९८ च्या अलीकडे. १०० हर्ट्झची घरघर नेमकी त्या दोघांच्या मध्ये उभी राहते. पंचमाच्या तारेची खुंटी सरकल्यासारखा तानपुरा वाटतो आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की बिघाड गायकाचा नाही, भिंतीतल्या वायरीचा आहे.

यूएसबी केबलची गोम इथे उघडी पडते. तिच्यातून आकडे जातात तसे पाच व्होल्ट आणि जमिनीची वायरही जाते. एकाच नळीतून दोन पाणी. सर्व्हर एका प्लगवर, अ‍ॅम्प दुसऱ्या खोलीच्या प्लगवर, दोन्हींचं अर्थिंग वेगळ्या वाटेने जमिनीत गेलेलं. मग त्या दोन वाटांत केबलमधून एक फेरी पूर्ण होते आणि त्या फेरीतून वाहणारा बारीक प्रवाह अ‍ॅम्प इमानाने वाढवून कानात घालतो. लॅपटॉपचा सर्व्हर असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. घरघर थांबली तर गुन्हेगार सापडला. पहिला उपाय फुकट आहे: सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. दुसरा उपाय ऑप्टिकल केबलचा, सर्व्हर आणि डॅक दोघांनाही तशी खोबण असेल तर. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, वीज जाऊच शकत नाही. एक उपाय मात्र कधीही करू नये: प्लगची अर्थिंगची जाड पिन कापणे किंवा तिची वायर काढणे. घरघर जाईल, पण एखाद्या दिवशी माणूसही जाईल.

दख्खनच्या काळ्या खडकावर वसलेल्या गावांत अर्थिंगची अडचण जास्तच. कातळ वीज नीट वाहून नेत नाही. म्हणून खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहतात. खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं उरतं. लवणाशी नातं सांगणाऱ्या लोणारात निदान मिठाची आठवण करून द्यावी लागू नये.

लाइट जाते तेव्हा दोन संकटं येतात. पहिलं सर्व्हरवर: लिहिता लिहिता वीज गेली तर मेमरी कार्ड बिघडू शकतं. छोटा यूपीएस लावावा आणि गाण्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. कॅसेटी पुन्हा उतरवता येतील याची खात्री नसते. फिती दरवर्षी म्हाताऱ्या होत असतात. दुसरं संकट अ‍ॅम्पवर: स्वस्त इन्व्हर्टर गोल लहरीऐवजी चौकोनी वीज देतो आणि तिच्या कोपऱ्यांतून खरखरीत भणभण उठते. साइन वेव्ह इन्व्हर्टर ही भणभण टाळतो. तो नसेल तर पॉवर बँकेवर चालणारा छोटा डॅक-अ‍ॅम्प त्या वेळेपुरता उत्तम.

दोष काठाच्या कुठल्या बाजूला

या प्रकरणातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. खंड पडतो, तड वाजते, काहीच ऐकू येत नाही किंवा गाणं चढ्या-उतरत्या पट्टीत वाजतं: दोष आकड्यांच्या बाजूला आहे. नाव निवडलंय का, दर जुळतोय का, नेटवर्क अडतंय का, ते पाहा. गुंजन, सुस्कारा, फुगलेला डग्गा, एका कानात कमी आवाज: दोष विजेच्या बाजूला आहे. पिन, अवरोध, गेन, अर्थिंग तपासा. पहिल्या बाजूचा दोष दुसऱ्या बाजूला पैसे घालून जात नाही, आणि दुसऱ्याचा पहिल्या बाजूला.

शेवटची परीक्षा तानपुऱ्याची. आधी गाणं थांबवा आणि अ‍ॅम्पची कळ रोजच्या जागेवर आणा. कानात काही नसावं. मग फक्त तानपुरा वाजतोय अशी फाइल लावा. जवारीतून एकामागून एक सुटणारे वरचे स्वर, षड्जातून अलगद वर येणारा गंधार, प्रत्येक तारेचा शेवट पुढच्या तारेत विरताना. त्या विरण्याच्या तळाशी दुसरं काहीच ऐकू आलं नाही, तर जोडणी झाली. आता आजोबांना बोलवा.